क्लिपच्या अलीकडे

पुस्तक झटकलं तसे चार तांदूळ पलंगावर पडले. हळद-कुंकू लावलेले.

"तुझ्या आईनं पुन्हा करून ठेवलंय काहीतरी," वैदेही म्हणाली.

"तांदूळच आहेत ना," म्हणत हिमांशूनं बुटाची लेस बांधली आणि कामावर सटकला. सासू-सुनेच्या मध्ये न पडण्यात या माणसाचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तांदूळच म्हणे! असल्या अक्षता माणूस देवावर वाहतो, नाहीतर तोडग्याला वापरतो. कादंबरीत देव कुठून आला? यमुनाबाईंना सुनेची पुस्तकं डोळ्यांसमोर नको होती. "भुताखेतांची थेरं! नळाला पाणी नाही अन् ही राजकन्या शोधायलीय," हे त्यांचं रोजचं. सुनेला पुस्तकांचा विट यावा म्हणूनच हा तोडगा, अशी वैदेहीची खात्रीच झाली होती.

पुस्तकं होतीही वेड लावणारी. परीकथा जुन्याच, पण आजच्या शहरात घडणाऱ्या. राजकन्या अकराव्या मजल्यावर अडकलेली, चेटकीण सोसायटीची सेक्रेटरी आणि राजपुत्र बेडूक होऊन कोरड्या बोअरमध्ये पडलेला. क्रांती चौकातल्या ऑफिसात बसून वैदेहीला त्या बेडकाची काळजी लागायची. बायपासपलीकडं नव्या इमारती उठत होत्या, टँकर दिवसाआड यायचा, श्रावण निम्मा सरला तरी आभाळ कोरडं होतं. पुस्तकातलं शहर तिला आपलंच वाटायचं. चेटकीण तर हुबेहूब सासू.

आता शेवटचा भाग चालू होता. पन्नासेक पानं उरली होती. संपलं की संपलं, म्हणून ती पुढं सरकतच नव्हती. खूण म्हणून लावलेली केसांची क्लिप दोन आठवडे एकाच पानावर होती. तांदूळ सापडायचे ते कायम क्लिपच्या अलीकडं. पलीकडं एक दाणा नाही. वाचून झालेलं तेवढं बाटवायचं, असला हा कावा!

परवाच यमुनाबाई खेकसल्या होत्या, "किती दिवस एकच पुस्तक उराशी धरून बसशील? वाच अन् संपव एकदाची ब्याद!"

वैदेहीनं सगळी पुस्तकं कपाटात कोंबली आणि कालच आणलेलं कुलूप घातलं. यमुनाबाई नुकत्याच न्हाऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय करायलीस?"

"तुमचे तांदूळ बंद करतेय."

यमुनाबाईंचा चेहरा उतरला. "आज शुक्रवार आहे. आज नको लावूस."

म्हणजे तोडग्याला वारही ठरलेला होता! वैदेहीच्या अंगाची लाही झाली.

"आई, ही पुस्तकं उद्याच मी माहेरी नेऊन ठेवते. दौलताबादला कुणी हात लावणार नाही त्यांना."

"ने. तुझी रद्दी तुलाच लखलाभ," यमुनाबाई म्हणाल्या. "पण आज किल्ली ठेवून जा."

वैदेहीनं किल्ली पर्समध्ये टाकली आणि दाणदाण जिना उतरली. खालच्या मजल्यावर कडूबाई भेटल्या. यमुनाबाईंच्या खास मैत्रीण.

"सुनबाई, सरलं का तुमचं पुस्तक?" त्यांनी विचारलं.

सासूनं आख्ख्या इमारतीत डांगोरा पिटला होता तर. वैदेही तरातरा निघून गेली.

ऑफिसात काम सुचेना. दुपारी तिनं अर्धी रजा टाकली. तो शेवट एकदाचा वाचायचा आणि पुस्तकांची बॅग भरायची, असं ठरवूनच ती परतली.

दार उघडं होतं. स्वयंपाकघरात पाच-सहा बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. जिवतीच्या चित्रापुढं दिवा लावलेला होता. पुरणाची ताटं झाकलेली, एकीनंही घास घेतलेला दिसत नव्हता. सगळ्यांच्या उजव्या मुठी मिटलेल्या होत्या. कडूबाईंच्या बोटांतून पिवळे तांदूळ डोकावत होते.

"हे काय चाललंय?" वैदेहीनं विचारलं.

"कहाणी ऐकायला बसलोय," कडूबाई म्हणाल्या. "जिवतीची झाली, ती तर तोंडपाठच हाय. पर बेडकाची ऱ्हायलीय. मागच्या शुक्रवारीबी त्यो बोअरातच व्हता. लई जीव लागलाय बगा त्याला. अन् कहाणी पुरी झाल्याबिगर मूठ सोडायची नाय."

वैदेहीनं सासूकडं पाहिलं. यमुनाबाई पदरानं चष्मा पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पुस्तक तुझं आहे, म्हणून तुझ्या क्लिपच्या पुढं मी कधी एक पान वाचलं नाही," त्या तुटकपणे म्हणाल्या. "काढ ते कुलूप अन् आधी तू वाच. जरा लवकर वाच, बायका उपाशी आहेत."