सगीराचा चमचा

२०१४ साली वाळूजच्या कारखान्यात सगीरा आणि पन्नाशी ओलांडलेली मी लोखंडी सुटे भाग तपासायचो. ती प्रत्येक भागावर डब्यातला चमचा वाजवायची. आवाज बद्द आला की आत तडा. युक्ती तिची, पण गुणगौरव समारंभात नव्या तपासणीबद्दल ढाल मिळाली सुपरवायझर सुदर्शनसाहेबांना. गुच्छ द्यायला सगीरालाच बोलावलं. तिनं पिशवीतून दोन भाग काढून चमचा पुढं केला. “पद्धत तुमची ना, साहेब? मग वाजवून सांगा, तडकलेला कोणता?” साहेबांनी चांगल्या भागावर बोट ठेवलं. “लई गमतीची बाई!” म्हणत मालकांनी टाळ्या सुरू केल्या. मीही वाजवल्या. सुदर्शनसाहेब पुढं मॅनेजर झाले. सगीरानं त्याच आठवड्यात काम सोडलं. जाताना चमचा माझ्या हातात कोंबला. “अक्का, तुला ऐकू येतं, बोलता येत नाय.” मी म्हातारी झाले, त्या चमच्यानं अजून घास उतरत नाही.