नरांचे पिंजरे

प्रयोगशाळेत नर उंदरांचे पिंजरे धुऊन पालथे घातले होते. काल संध्याकाळपर्यंत प्रत्येकात एकेक उंदीर होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खांद्यावरची पर्सही न उतरवता ती सरांच्या केबिनमध्ये घुसली.

“माझे नर कुठे गेले?”

“आधी बस,” सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा मऊ होता, आणि त्या मऊपणाचाच तिला जास्त संताप येई. “आपलं मलम माणसांवर तपासायची परवानगी आली. आता नर कशाला पोसायचे? एकत्र ठेवले की एकमेकांच्या पाठी फोडतात. गाठ कुठली नि चावा कुठला, कळत नाही. वेगळे ठेवायचे, तर प्रत्येक नवाबाला स्वतंत्र खोली! माद्या बघ, एका पिंजऱ्यात गुण्यागोविंदानं नांदतात.”

“म्हणून नांदणाऱ्यांवरच औषध तपासायचं?”

सगळ्या उंदरांच्या पाठीवर उन्हासारख्या अतिनील दिव्याचा झोत सारखाच सोडला होता. नरांच्या कातडीवर कर्करोगाच्या गाठी आधी उठल्या आणि मोठ्या झाल्या. मलमानं माद्यांच्या पाठी साफ झाल्या, नरांवर ते अजिबात लागू पडलं नाही. खच्ची केलेल्या नरांवर मात्र माद्यांसारखंच लागू पडलं. म्हणजे खोट मलमात नव्हती, पुरुषी हार्मोन त्याला दाद देत नव्हतं. आंधळ्यालाही दिसलं असतं. सरांना दिसलं नाही, कारण त्यांना परवानगीची घाई झाली होती.

“तुझे नर होतेच किती? मूठभर,” सर म्हणाले. “आणि हार्मोनच्या मागे लागलो, तर आणखी काही वर्षं गेली म्हणून समज.”

“आणि उन्हात राबतं कोण, सर? हे मलम कुणासाठी करतोय आपण?”

तिच्या बाबांनी जन्मभर लोकांच्या छपरांवर पत्रे ठोकले होते. टकलावरची गाठ दोनदा कापली, दोनदा परत आली. आता कापायला कातडीच उरली नाही, असं सर्जननं तोंडावर सांगितलं होतं. बाबा फोनवर दुसरं काही विचारतच नसत. “पोरी, तुझं मलम झालं का गं?” आणि ती म्हणे, “होतंय, बाबा.”

सर उठले. केबिनचं दार लोटून त्यांनी फ्रिजमधून मलमाची एक बिनलेबलची ट्यूब काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

“कुणाजवळ बोलू नकोस. नियमात बसत नाही हे. पण तू मला मुलीसारखी. बाबांना लाव.”

एवढा चांगला माणूस, आणि त्याचा गळा धरावासा वाटत होता.

“सर, माझे बाबा नर आहेत.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“ठाऊक आहे गं,” ते म्हणाले. “पण दुसरं आहे काय आपल्याकडे?”

तिला शिवी द्यायची होती. तिनं ट्यूब उचलली.