गुडघ्यांचा नवस

पाळी गेल्यापासून कालिरोईचे गुडघे इतके धरले होते, की कुणी हात दिल्याशिवाय तिला जमिनीवरून उठता येईना. “गुडघे सुटले तर तिनोस बेटाच्या बंदरापासून टेकडीवरच्या देवळापर्यंत रांगत येईन,” असा नवस ती मरियामाउलीला बोलली. मग वर्षभर व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी तिला रोज खुर्चीतून उठवलं, बसवलं, चालवलं. आज नवस फेडायला ती रांगत जाणाऱ्या भक्तांसाठी रस्त्याकडेला अंथरलेल्या गालिच्यावर रांगत होती. “बरे झालेले गुडघे फोडतेस? अक्कल गहाण टाकलीस काय?” बाजूने चालणारी थोरली बहीण कडाडली. “ताई, शब्द दिलाय.” “माउलीला दाखवणार काय? मोडके गुडघे?” कालिरोई थबकली. कळ मांडीपर्यंत गेली. बहिणीने पुढे केलेला हात तिने बाजूला सारला, एक पाय रोवला आणि हात न टेकता ती उभी राहिली. “बघितलंस, माउली? चालतच येते.” धापा टाकणाऱ्या ताईला तिनेच हात दिला.