लाल दोरा

"हे तुम्हीच लिहिलंय ना?" समोरच्या बाईने घड्या पडून विरलेलं कात्रण पर्समधून काढलं आणि बातमीदाराच्या टेबलावर ठेवलं.

त्याने मान डोलावली, जरा खुशीतच. त्या बंद देशात आठ दिवस शिरकाव मिळवणं खायचं काम नव्हतं. पाठीला सरकारी माणूस चिकटलेला, तरी त्याला गुंगारा देऊन तो एका नर्सला गाठून आला होता. मुलांच्या वॉर्डात महिनोन्‌महिने औषधं नाहीत, हे तिने जिवावर उदार होऊन सांगितलं होतं.

ही तिची धाकटी बहीण. गेल्याच महिन्यात कशीबशी सीमा ओलांडून आलेली.

"ताईला नेलं," ती म्हणाली.

तो घाईघाईने सांगत सुटला, की नाव बदललं होतं, गाव बदललं होतं, वय दहा वर्षांनी वाढवलं होतं, नर्सची तर स्वयंपाकीण केली होती. काळजी घेण्यात काही कसर ठेवली नव्हती.

तिने कात्रणातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'बोलताना ती सारखी वडिलांच्या जुन्या घड्याळाशी चाळा करत होती. त्याचा तुटलेला पट्टा लाल दोऱ्याने शिवलेला होता.'

याच ओळीवर संपादक खूश झाले होते. भर मीटिंगमध्ये त्यांनी ती वाचून दाखवली होती आणि हा पठ्ठ्या आठवडाभर हवेत होता. ओळ काढून टाकावी, असं लिहितानाच त्याच्या मनात येऊन गेलं होतं. पण इतकी छान ओळ घालवायला मन होईना.

"एकेका हॉस्पिटलात जाऊन सगळ्या बायकांना रांगेत उभं केलं," बहीण म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आणि फक्त हात पुढे करायला सांगितले."

शरमेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला त्याने तोंड उघडलं. ती मात्र माफीसाठी आलीच नव्हती. ताईबद्दल पुन्हा लिहा, म्हणाली. इथे छापून आलं तर निदान तिला जिवंत ठेवतील. दुसऱ्या कुणाला ती ओळखत नव्हती.

त्याने वही ओढली. तिच्या नजरेला नजर देववेना, म्हणून तो खाली बघत राहिला. खाली तिचे हात होते. डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग होता. सवयीने त्याचं पेन कागदाला टेकलं.

ते तिच्या लक्षात आलं. तिने दोन्ही बाह्या बोटांपर्यंत खाली ओढून घेतल्या आणि मग सांगायला लागली.