तिसरी फेरी

फासा शिरीषच्या मुठीत घामाने ओला झाला होता. समोर कामत सरांनी घडवलेल्या खेळाचा पट होता आणि त्यांची लाल होडी बंदरापासून दोन घरं अलीकडे थांबली होती. गेल्या रविवारी मंडळाचा डाव अर्धा राहिला आणि मंगळवारी सर गेले.

डाव मोडायचा नाही, हा सरांचा नियम. तीन फेऱ्या न खेळणाऱ्याची होडी बुडवायची, हाही त्यांचाच. शिरीषने फासा टाकला, की सरांवाचूनची तिसरी फेरी संपणार होती.

“आजच्यापुरता नियम बदलू या,” तो काकुळतीला येऊन म्हणाला.

“माझ्यासाठी त्यांनी कधी बदलला?” सरांच्या पत्नी करड्या आवाजात म्हणाल्या. “टाक.”

फासा पडला. शिरीषने लाल होडी उचलायला हात पुढे केला, तशी काकूंनी ती दोन्ही तळव्यांखाली झाकली.

“नको रे,” त्या म्हणाल्या. “दोनच घरं राहिलीत त्यांची.”