पंगत खोळंबली

"अण्णा, उरका की! दुसरी पंगत खोळंबलीय," वाढपी म्हणाला.

वजन उतरावं म्हणून डॉक्टरांनी माझ्या जठराला पट्टा बसवला, तेव्हापासून माझं जेवण चार घासांचं. तेही पीठ होईस्तोवर चावायचे, वर पाणी प्यायचं नाही. घाई केली की उलटी. एके काळी याच गावात माझ्या जिलब्यांवर पैजा लागायच्या. आज सगळ्यांच्या पत्रावळी रिकाम्या होत्या, हात वाळले होते. पण शेवटच्या माणसाचं झाल्याशिवाय आमच्यात पंगत उठत नाही. दारात भुकेली पोरंबाळं उभी होती. चावून चावून माझा जबडा थकला होता आणि हा तर तिसराच घास होता.

"आधी अण्णांचं जेवण संपायचं नाही, आता घास संपत नाही," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मी तो घास तसाच गिळायला निघालो.

शेजारच्या तुळशीरामनं माझं मनगट धरलं. त्यानं मघाशीच ढेकर दिली होती.

"भात आण रे इकडं," त्यानं वाढप्याला हाक मारली. "माझं पोट भरलं नाही अजून."

मग तो एकेक शीत उचलून खात बसला.