छातीवरचे तीस दाब

“वहिनी, माझ्यासारख्या पालथ्या घड्यावर पाणी कशाला ओतताय?” तांडेल दारातूनच म्हणाला.

“बसा गुमान,” ती म्हणाली. हॉलमधले सगळे खलाशी हसले.

हा प्रथमोपचाराचा वर्ग तिच्यामुळेच भरला होता. त्यासाठी तीन वर्षं तिने मच्छीमार सोसायटीचे उंबरठे झिजवले होते. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा जाळ्याच्या दोरात पाय अडकून पाण्यात ओढला गेला. पाच मिनिटांत त्याला वर काढलंही, पण श्वास बंद पडलेल्या माणसाचं काय करायचं हे बोटीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. “आम्ही नुसते बघत राहिलो, वहिनी,” असं सांगताना बोटीवरचा त्याचा हा जिवलग मित्र ओक्साबोक्शी रडला होता.

पुढे नवऱ्याच्या जागी तोच बोटीचा तांडेल, खलाशांचा प्रमुख, झाला. तिच्या दारी मासळी पोचवायला तो कधी चुकला नाही. त्याचा राग तिला आलाच नाही. ज्याला येतच नाही त्याच्यावर काय रागवायचं? दगा दिला तो सोसायटीने, असं ती अध्यक्षांना तोंडावर सुनवायची. दोन दिवसांचा वर्ग घेतला असता तर माझा माणूस आज घरात असता, म्हणायची.

सतरंजीवर रबरी पुतळा आडवा होता. तांडेलाची पाळी आली. त्याने दोन्ही हात थेट पुतळ्याच्या पोटावर ठेवले.

“अहो, जेवलाय तो! पोट काय चाचपताय?” मागून कुणीतरी ओरडलं.

तिला त्याची कीव आली. शेजारी बसून तिने त्याचे तळहात छातीच्या मधोमध आणले. “कोपर ताठ, भाऊजी. आता तीस वेळा दाबा. घाबरू नका.”

तो दाबू लागला. त्याचे डोळे भरून आले. तिलाही राहवलं नाही.

वर्ग संपल्यावर ती कारकून बाईंच्या टेबलाशी गेली. “यांचं प्रमाणपत्र आधी लिहा, बाई. यांचा जीव आज कुठे हलका झालाय.”

“राहू द्या, वहिनी,” तांडेल मागून घाईने म्हणाला.

कारकून बाईंनी त्याच्या परवान्याचा क्रमांक संगणकात घातला आणि चष्मा वर केला.

“यांना नवं कशाला? दहा वर्षांपूर्वी मोठ्या जहाजावर होते, तेव्हा हेच तर शिकवायचे ते सगळ्यांना.”